इंजिनाला हवा हवी, पण सावकाश

ठाणे ते कल्याण हे रेल्वेच्या रुळांवरून साधारण २० किलोमीटरचं अंतर. अकरा किलोमीटर उंचीवरून, ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारं लढाऊ विमान ते ३४ सेकंदांत कापतं. कल्याणहून नाशिक रोड गाठायला त्याला पावणेचार मिनिटं पुरतात. कसाऱ्याचा घाट आला म्हणेपर्यंत तो मागे पडलेला असतो.

हे आकडे थक्क करणारे आहेत, पण खरं नवल पुढेच आहे. एवढ्या वेगाने जाणाऱ्या या विमानाच्या इंजिनाला वेगवान हवा अजिबात चालत नाही!

इंजिनाच्या तोंडाशी कॉम्प्रेसरची फिरती पाती असतात. त्यांना हवा लागते ती ध्वनीच्या जेमतेम निम्म्या वेगाने येणारी, आणि सगळीकडून सारख्या दाबाची. बाहेर मात्र हवा ताशी २१०० किलोमीटरच्या वेगाने अंगावर येत असते. म्हणजे विमानाचं नाक ते इंजिनाची पाती या काही मीटरांत कुणीतरी तिला आवरायला हवं. बरं, हे सगळं घडतं कशात? इनटेक नावाच्या एका पोकळ बोगद्यात. त्यात ना ब्रेक, ना पंखा, ना झडप बसवलेलं एखादं अवजड यंत्र. मग हवेला थांबवतं कोण?

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. कसारा ओलांडून नाशिकच्या अंगाला गेलं की ओझर लागतं. तिथे १९६४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना सुरू झाला. मिग-२१, मिग-२७, सुखोई-३० एमकेआय अशी विमानं तिथे तयार झाली. १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथेच बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात झेपावलं. या चार विमानांची तोंडं शेजारीशेजारी ठेवून पाहा. एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. हवेला थांबवायच्या एकाच कोड्याची ही चार उत्तरं आहेत.

निरोप पोहोचतच नाही

हवेत ‘पुढे अडथळा आहे’ ही बातमी कशी पसरते? एका रेणूने दुसऱ्याला ढकलायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. या ढकलाढकलीचा वेग म्हणजेच ध्वनीचा वेग. संथ वाऱ्याला झाडाच्या बुंध्याची बातमी आधीच लागते आणि तो वेळीच बाजूने वळतो.

आता संध्याकाळी डोंबिवली स्टेशनच्या पुलावरून जिन्याने उतरणारी गर्दी डोळ्यांसमोर आणा. खाली कुणीतरी थबकतं. त्याचा धक्का मागच्याला, मागच्याचा त्याच्या मागच्याला, असा निरोप पायरी पायरीने वर चढतो आणि वरची माणसं आपोआप पाय आवरतात. पण समजा, गर्दी या निरोपापेक्षाही वेगाने खाली उतरू लागली तर? निरोप वर पोहोचायचाच नाही. समोरच्याच्या पाठीवर आपटेपर्यंत कुणाला काही कळणार नाही. वर मोकळी धावती माणसं, खाली एकदम दाटी, आणि दोहोंमध्ये एक धारदार रेघ. हवेतल्या अशा रेघेला शॉक वेव्ह म्हणतात, शुद्ध मराठीत प्रघात तरंग. अर्न्स्ट माख आणि पीटर झाल्शर यांनी १८८७ साली बंदुकीतून सुटलेल्या गोळीपुढे उभी असलेली ही रेघ चक्क छायाचित्रात दाखवली. वेगाचं ‘माख १’, ‘माख २’ हे माप त्याच माखच्या नावाचं.

ही रेघ किती जाड असते? साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग! आणि तेवढ्यात काय काय घडतं ते पाहा. माख २ च्या वेगाने येणारी हवा सरळ आडव्या आलेल्या शॉक वेव्हमधून गेली, तर तिचा वेग ताशी २१०० किलोमीटरवरून ८०० वर येतो. दाब साडेचार पट होतो. तापमान उणे ५६ अंशांवरून अधिक ९० च्या वर जातं. गोठवणाऱ्या थंडीतून जवळपास उकळत्या पाण्यापर्यंतची ही मजल एक हजारांश मिलिमीटरमध्ये, सेकंदाच्या काही अब्जांश भागात!

म्हणजे ब्रेक मिळाला की! फुकटात, न झिजणारा, वजन शून्य असलेला. बोगद्याच्या तोंडाशी एक शॉक वेव्ह उभी केली की काम झालं. नाही का?

एका धक्क्यापेक्षा दोन बरे

फुकट काहीच नसतं. वेगवान हवेला हळुवारपणे थांबवलं, तर तिच्या वेगाचं पूर्णपणे दाबात रूपांतर होतं, आणि तो दाब इंजिनाच्या कामी येतो. शॉक वेव्ह मात्र हळुवार नसते. माख २ ला अशा एकाच आडव्या धक्क्यात, मिळू शकणाऱ्या दाबापैकी २८ टक्के वाया जातो. इंजिनाला तेवढं कमी बळ मिळतं.

मग काय करायचं? धक्का वाटून द्यायचा. हवेच्या वाटेत आधी दहा अंशांचा एक उतार ठेवला, तर त्याच्या टोकापासून एक तिरपी शॉक वेव्ह निघते. तिरपा धक्का सौम्य असतो. त्यातून बाहेर पडताना हवा माख १.६४ पर्यंत मंदावते. मग दुसरा, आडवा धक्का. दोन्हींचा हिशेब केला, तर नुकसान २८ टक्क्यांवरून १३-१४ टक्क्यांवर येतं. एक साधा उतार, आणि नुकसान निम्मं!

आता मिग-२१ चं नाक आठवा. गोल तोंड आणि त्यातून बाहेर डोकावणारा अणकुचीदार शंकू. लहानपणी फोटोत पाहिलेला तो शंकू शोभेचा नव्हता. पहिला, तिरपा धक्का तोच निर्माण करतो. त्याहून गंमत म्हणजे तो हलतो. वेग वाढला की शंकूच्या टोकापासून निघालेली शॉक वेव्ह आणखी मागे झुकते आणि तोंडाच्या कडेच्या आत शिरू पाहते. ती कडेवरच राहावी म्हणून शंकू आपोआप पुढे सरकतो. एवढं करून त्याच शंकूच्या पोटात रडारही बसवलेलं. सहाशेहून अधिक मिग-२१ भारतात बनली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्यांना निरोप दिला गेला, तोवर हा शंकू साठ वर्षं मागेपुढे होत होता.

इथवर सगळं कागदावरच्या भूमितीसारखं सुबक आहे. हा उतार, ती रेघ, हा कोन. पण आता एक खलनायक येतो, आणि तो वेगवान वगैरे अजिबात नाही. तो कमालीचा आळशी आहे.

भिंतीला चिकटलेली हवा

घरातला पंखा दिवसभर गरगरतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ साचते. एवढ्या वाऱ्यात ती उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्याच्याच बरोबर फिरते. धुळीच्या दृष्टीने तिथे वाराच नाही. हवा कितीही जोरात वाहो, पृष्ठभागाला टेकलेला तिचा थर पृष्ठभागाला चिकटूनच राहतो. तिथून वर जावं तसा वेग वाढत वाढत पूर्ण होतो. या मधल्या थराला सीमास्तर म्हणतात. लुडविग प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत ही कल्पना मांडली. छापलेला निबंध अवघ्या आठ पानांचा, पण त्यावर पुढचं सगळं विमानशास्त्र उभं राहिलं.

लढाऊ विमानाच्या अंगावर पाच-सहा मीटर सरकल्यानंतर हा थर काही सेंटीमीटर जाड होतो. बाहेर माख २ चं तुफान, आणि कातडीला लागून शून्य वेग! म्हणजे मध्ये कुठेतरी हवा ध्वनीपेक्षा वेगवान असते आणि त्याच्या खाली ध्वनीपेक्षा संथ. ही सीमा ओलांडली की सगळे नियम बदलतात.

कारण शॉक वेव्ह उभीच राहते ती निरोप मागे पोहोचत नाही म्हणून. पण त्या तळच्या संथ पट्टीत? तिथे निरोप पोहोचतो! जिन्यावर रेलिंग धरून सावकाश उतरणारी माणसं असतात ना, त्यांच्या रांगेतून खालचा धक्का आरामात वर जातो. मधले धावत सुटलेले बेसावध, आणि रेलिंगकडेच्यांना मात्र पुढे काय वाढून ठेवलंय ते आधीच कळलेलं. मग ते थबकतात. दाब जास्त असेल तर उलटे वर सरकू लागतात. त्यांच्यामुळे रेलिंगकडे माणसांचा फुगवटा तयार होतो आणि मधल्यांची वाट अरुंद होते.

इनटेकमध्ये अगदी हेच होतं. शॉक वेव्हमागचा वाढलेला दाब संथ पट्टीतून चोरपावलांनी पुढे, म्हणजे विमानाच्या नाकाच्या दिशेने सरकतो. तिथली हवा थांबते, उलटी वाहू लागते, भिंतीपासून सुटते. तिचा बुडबुडा फुगतो. वरच्या वेगवान हवेला हा बुडबुडा म्हणजे नवीच टेकडी, म्हणून त्या टेकडीपासून आणखी एक तिरपी शॉक वेव्ह निघते. ती मूळच्या रेघेला वर जाऊन मिळते आणि दोन पाय फाकून उभ्या असलेल्या माणसासारखी आकृती दिसते. ग्रीक लिपीतलं लॅम्डा अक्षर तसंच असतं, म्हणून तिचं नाव लॅम्डा शॉक. इटलीच्या अँतोनिओ फेरीने १९३९ च्या सुमारास ही झटापट पहिल्यांदा टिपली. शॉक वेव्ह आडवी असेल, तर माख १.३ च्या आसपास वेग गेला की सीमास्तर तग धरू शकत नाही. केवढासा आकडा! आणि लढाऊ विमानांना तर माख २ हवा असतो.

एका थराचा दंगा

बुडबुडा फुगला तर काय बिघडलं? बरंच. बोगद्याची वाट अरुंद होते. इंजिनाला एकीकडून जोरकस आणि एकीकडून मरगळलेली हवा मिळते. पाती थरथरतात, इंजिन ठसकतं. कधी शॉक वेव्ह जागेवर न राहता तोंडातून आत-बाहेर अशी झपाट्याने हेलकावे खाते. या प्रकाराला ‘बझ’ म्हणतात.

याचं सगळ्यात भयंकर रूप पाहिलं ते एसआर-७१ च्या वैमानिकांनी. ओझरचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, अमेरिकेचं हे टेहळणी विमान पहिल्यांदा उडालं. वेग माख ३ च्या वर. त्याच्या इनटेकमध्येही शंकू होता, पण मिग-२१ च्या अगदी उलट वागणारा. वेग वाढला की तो मागे सरके, तोही जवळजवळ ६६ सेंटीमीटर. शॉक वेव्ह बोगद्याच्या आत, अरुंद गळ्याच्या जरा मागे तोलून धरायची असे. तोल गेला की ती एका क्षणात तोंडाबाहेर फेकली जाई. एका बाजूचं इंजिन बळ गमावून बसे आणि विमान इतक्या जोरात एका अंगाला वळे, की वैमानिकाचं हेल्मेट कॉकपिटच्या काचेवर आपटे. त्यावर शोधलेला उपाय तर अफलातून होता. एका बाजूचा तोल गेला, की यंत्रणा मुद्दाम दुसऱ्या बाजूचाही घालवत असे. निदान विमान सरळ तरी राहील!

गोंधळाची बाजू बळकट

या झटापटीचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांत एक भारतीय नाव आहे, आणि ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. सतीश धवन. पुढे इस्रोचे अध्यक्ष झाले ते, श्रीहरिकोटाचं प्रक्षेपण केंद्र ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते. तरुणपणी अमेरिकेत कॅलटेकमध्ये हान्स लीपमन आणि अनातोल रॉश्को यांच्यासोबत त्यांनी शॉक वेव्ह सीमास्तरावर आदळून परत फिरते तेव्हा काय होतं, हे तपासलं. तो अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला. भारतात परतल्यावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी सुपरसॉनिक विंड टनेल उभारला.

कॅलटेकच्या त्या प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट ठळक झाली. सीमास्तर दोन प्रकारचा असू शकतो. एक शिस्तीचा, ज्यात हवेचे पदर एकमेकांवरून गुपचूप सरकतात. दुसरा खळबळता, भोवऱ्यांनी भरलेला. शॉक वेव्हपुढे कोण टिकेल असं वाटतं? शिस्तीचा ना? उलट आहे! शिस्तीचा थर सौम्य धक्क्यानेही लांबवर उखडतो. खळबळता थर मात्र पाय रोवून राहतो. कारण त्यातले भोवरे वरची वेगवान हवा सतत खाली आणून तळच्या आळशी हवेत मिसळत असतात. गोंधळ इथे ताकद देतो.

खलनायकाला आवरण्याचे सगळे उपाय यातूनच निघतात, आणि मोजून पाहिले तर ते चार आहेत.

पहिला उपाय, त्याला आत घ्यायचंच नाही. मिग-२१ चं तोंड थेट नाकावर असल्याने विमानाच्या अंगावर साचलेला थर त्यात जातच नाही. शंकूवरचा काय तो थोडा थर सांभाळायचा. सुखोई आणि तेजसचं नाक मात्र मोठ्या रडारला दिलेलं, मिग-२७ चं लक्ष्य टिपणाऱ्या लेसर उपकरणाला, त्यामुळे तोंडं बाजूला किंवा पंखाखाली गेली. म्हणून मिग-२७ आणि तेजसच्या बाजूला पाहिलं तर इनटेक आणि धड यांच्यामध्ये एक फट दिसते. सुखोईत ती पंखाखाली आहे. ही फट उगाच राहिलेली नाही. धडावरून घसरत आलेली आळशी हवा तिच्यातून निमूट बाहेर निघून जाते आणि ताजी हवा तेवढी आत जाते. त्यातही तेजसचं तोंड स्थिर, हलते भाग न लागणारं. सुखोईच्या बोगद्यात मात्र वेगानुसार कोन बदलणारे हलते उतार.

दुसरा उपाय, आळशी हवा आत आलीच तर शोषून बाहेर टाकायची. गर्दीच्या वेळी रेलिंगलगत एक छोटं दार उघडलं तर सावकाश उतरणारे तिथून बाहेर पडतील आणि निरोपाची साखळीच तुटेल. मिग-२७ ज्याच्यावरून घडलं त्या मिग-२३ च्या इनटेकच्या पत्र्यावर बारीक भोकांची जाळी आहे, ती याचसाठी. एसआर-७१ च्या शंकूवरही अशी छिद्रं होती. आणि ही युक्ती किती जुनी? प्रांट्लने १९०४ च्या त्या आठ पानांतच, गोल नळकांड्याला फट पाडून थर शोषला की प्रवाह सुटत नाही, हे करून दाखवलं होतं. सुपरसॉनिक विमान तर सोडाच, राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं! पण आत घेतलेली हवा फेकून देणं महागात पडतं. तेवढी हवा उगाच ओढली, इंजिनाला तिचा उपयोग शून्य.

म्हणून तिसरा उपाय, फेकायचं नाही, ढवळायचं. शॉक वेव्हच्या जरा पुढे भिंतीवर छोट्या पाचरी बसवायच्या. त्यांच्या मागे भोवरे उठतात, वरची चपळ हवा खाली येते, तळचा थर जागा होतो. अमेरिकेत १९४७ साली अशा भोवरेकारी पट्ट्यांची कल्पना पुढे आली. अलीकडे तर थराच्या उंचीपेक्षाही ठेंगण्या, काही मिलिमीटरच्या पाचरींवर प्रयोग चालू आहेत. एवढ्याशा चिमटीने माख २ च्या प्रवाहाला वळण लावायचं!

चौथा उपाय मला सगळ्यात देखणा वाटतो. फट नको, छिद्रं नकोत, हलता भाग नको. तोंडापुढे धडावरच एक गुळगुळीत फुगवटा ठेवायचा. फुगवट्याच्या माथ्यावर दाब जास्त, कडांना कमी. आळशी हवेत जोर कमी, त्यामुळे ती या दाबाने आपोआप दोन्ही बाजूंना ढकलली जाते आणि तोंड चुकवून निघून जाते. शिवाय तोच फुगवटा पहिल्या तिरप्या धक्क्याचंही काम करतो. १९९६ च्या डिसेंबरात एफ-१६ विमानावर ही रचना पहिल्यांदा उडवून पाहिली. एफ-३५ मध्ये ती आहे, आणि भारताच्या आगामी एएमसीए विमानाच्या आराखड्यातही.

कॉम्प्रेसर वगळला तरी चालेल?

या सगळ्याचं टोक पाहायचं तर पुन्हा ओझरलाच यावं लागतं. २५ जून २०१६ रोजी सुखोई-३० तिथून ब्रह्मोस क्षेपणास्त्र पोटाखाली घेऊन पहिल्यांदा उडालं. २२ नोव्हेंबर २०१७ ला तशाच विमानातून ते बंगालच्या उपसागरावर डागलं गेलं. ब्रह्मोसचं नाक जवळून पाहा. ओळखीचं वाटतं ना? गोल तोंड आणि मधोमध शंकू, थेट मिग-२१! पण आत मोठा फरक आहे. ब्रह्मोसच्या रॅमजेटमध्ये कॉम्प्रेसरच नाही, एकही फिरतं पातं नाही. माख २.८ ला हवा अगदी हळुवारपणे थांबवता आली, तर तिचा दाब आपोआप २७ पट होईल. प्रत्यक्षात शॉक वेव्हचं नुकसान वजा होतं, तरी उरलेला दाब इंधन जाळायला पुरतो. ज्या धक्क्यांना टाळायचं म्हणून सगळी धडपड, तेच धक्के इथे पंपाची जागा घेतात. आणि तोल सांभाळायचा तो पुन्हा त्याच भिंतीलगतच्या थराशी.

सगळं उलगडलं का? नाही. सीमास्तर उखडतो तिथे शॉक वेव्ह मागेपुढे डुलते, आणि थरातल्या भोवऱ्यांच्या धडपडीपेक्षा तब्बल शंभर पटींनी सावकाश डुलते. एवढ्या घाईगर्दीच्या प्रवाहात ही संथ लय येते कुठून? वरून येणाऱ्या थरातून, की खालच्या बुडबुड्याच्या श्वासोच्छ्वासातून? संशोधक अजून यावर भांडताहेत.

आणि ही झटापट बघायला लढाऊ विमानात बसायची गरज नाही. मुंबईहून दिल्लीला जाणारं प्रवासी विमान ध्वनीपेक्षा संथच जातं. पण पंखाच्या फुगीर पाठीवरून वाहताना हवा थोडा वेळ ध्वनीला मागे टाकते आणि मग शॉक वेव्हमधून खाली उतरते. पंखाजवळची खिडकी मिळाली, आणि सूर्य नेमक्या कोनात असला, तर पंखाच्या लांबीभर थरथरणारी एक बारीक सावलीची रेघ दिसते. विमान बोइंग ७३७ असेल, तर त्या रेघेच्या पुढच्या अंगाला पत्र्याच्या उभ्या भोवरेकारी पट्ट्यांची रांगही दिसेल. दीडशेहून अधिक माणसं घेऊन उडणारा पंख, त्यावर हजारांश मिलिमीटरची भिंत, आणि तिला काबूत ठेवायला बोटभर पत्रा!